विक्रांतची म्हणून विकली जाणारी पितळी पाटी : खरी की खोटी, आणि घ्यावी का?

बाळीवेस

नमस्कार. आपल्या सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुन्या लोखंड-पितळेचा व्यवहार करणाऱ्या एका विक्रेत्याकडे मला एक गोल पितळी पाटी दिसली. व्यास वीतभर, वरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत आय. एन. एस. विक्रांत, मध्ये नांगर, खाली आर ११ हा जहाजाचा क्रमांक आणि १९७१ असा मजकूर, कडेला स्क्रूसाठी चार भोके. विक्रेत्याचे म्हणणे असे की मुंबईच्या दारूखान्यात जहाज फोडले गेले तेव्हा निघालेल्या मालातील ही पाटी असून ती युद्धाच्या वेळी कप्तानाच्या खोलीबाहेर लावलेली होती. तो १८,००० रुपये सांगतो. त्याच्याकडेच 'केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७' असे कोरलेली एक पितळी दुर्बीण आणि तोफेच्या रिकाम्या काडतुसाची फुलदाणीही आहे.

माझे थोरले मामा १९७१ मध्ये विक्रांतवर होते. ते आता नाहीत. त्यांच्या टोपीची फीत, खलाशांचे एक गटचित्र, तीन पदके आणि सोलापूरहून माझ्या आजीने त्यांना जहाजावर पाठवलेले एक पाकीट एवढे आमच्याकडे आहे. ही पाटी घेऊन सगळे एका चौकटीत लावावे असे मनात आहे. पाटी खरी आहे की नाही हे ओळखायचे कसे, आणि एवढी किंमत द्यावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

हिशेबनीस

घेऊ नये. कारण एकच: विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट फुकट आहे आणि पितळेचा भाव किलोवर ठरतो. या दोन्हींच्या मधली जी रक्कम आपण देणार, ती कशाबद्दल देतो हे कागदावर दाखवता आले पाहिजे.

सागरगोटा

सोलापुरात समुद्र नाही याचे मला लहानपणापासून वाईट वाटत आले आहे; पण मंगळवार बाजारात विमानवाहू जहाज सुट्या भागांत मिळत असेल तर तक्रारीला जागा उरत नाही. गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थांबा, विक्रांतचे शीडसुद्धा विकायला येईल. जहाज वाफेवर चालत होते, एवढे मात्र विक्रेत्याला सांगू नका.

ताम्रपट

आमच्या घरात भांड्यांचा धंदा तीन पिढ्यांचा, त्यामुळे जहाजापेक्षा धातूविषयी लिहितो.

पाटीची अक्षरे ओतीव आहेत, कोरलेली आहेत की यंत्राने खोदून रंग भरलेला आहे, हे आधी बघावे. वाळूच्या साच्यात घाईने ओतलेल्या नकलेच्या पाठीवर खरबरीत दाणा दिसतो, अक्षरांच्या मुळाशी कोपरे बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात. त्यावर रसायनाने काळपटपणा आणतात. हा काळपटपणा सगळीकडे सारखा असतो, अगदी हात लागण्याजोग्या उंचवट्यांवरही. हीच त्याची खूण. वापरातल्या पितळेवर उंचवटे झिजून उजळतात आणि मळ फक्त खाचांत साठतो. आणखी एक जागा म्हणजे स्क्रूची भोके. पाटी पंचवीस-तीस वर्षे पोलादी भिंतीवर बसलेली असेल तर भोकांच्या कडेला स्क्रूच्या डोक्याचा गोल ठसा हवा, आणि पाठीवर रंगाचे थर अडकलेले हवेत. जहाजावर भिंती वारंवार रंगवल्या जातात आणि रंगाऱ्याचा कुंचला पाटीच्या कडेखाली जातोच. पाठ कोरी करकरीत असेल तर ती पाटी कधी कुठे लागलेलीच नाही.

बाळीवेस, पाठीचे छायाचित्र मिळाले तर टाका. आणि घेतली तरी चिंच-मिठाने घासू नका, पुरावा धुऊन जाईल.

माजी नौसैनिक

मी १९८० च्या दशकात विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतर जुळे सोलापूरला स्थायिक आहे. ताम्रपट यांनी लिहिलेले मान्य, त्यात थोडी भर घालतो.

विक्रांत आपल्याकडे बांधलेली नव्हती. ब्रिटिश नौदलासाठी 'हर्क्युलिस' या नावाने ती दुसऱ्या महायुद्धात टाईन नदीवरील व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत आकाराला येऊ लागली, १९४५ मध्ये पाण्यात उतरली, युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडून राहिली, भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतल्यावर बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत पूर्ण झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. त्यामुळे आतील मूळ जोडण्या, व्हॉल्व्ह, दाबमापके, दिवे या सगळ्यांवर इंग्रज बनावटीच्या खुणा असत: कारखान्याचे नाव, ॲडमिरल्टीचा, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याचा, पॅटर्न क्रमांक, कित्येकदा ब्रिटिश सरकारी मालाचा बाणासारखा ठसा. अशी वस्तू दिसायला अगदी सामान्य असते. 'फीड पंप, बंद' एवढेच लिहिलेली बोटभर पट्टी असते, आणि आम्ही ती रोज ब्रासोने घासत असल्यामुळे तिची अक्षरे निम्मी पुसलेली असतात.

आता त्या पाटीकडे या. जहाजाच्या अंगावर कोणीही '१९७१' असे लिहून ठेवत नाही. लढाई चालू असताना तर नाहीच. वर्ष घातलेली पाटी म्हणजे नंतर तयार केलेली भेटवस्तू किंवा आठवण. अशा भेटवस्तू नौदलात सर्रास दिल्या जातात आणि त्याही खऱ्या असतात. पण त्या 'कप्तानाच्या खोलीबाहेर लावलेल्या' नसतात. कप्तानाच्या खोलीच्या दारावर 'कप्तान' असेच लिहिलेले असायचे; जहाज कोणते ते त्यांना माहीत होते.

बाळीवेस

माजी नौसैनिक काका, शेवटचे वाक्य वाचून घरात सगळे हसले. मनःपूर्वक आभार. पाठीचे छायाचित्र पुढच्या मंगळवारी मिळवतो.

विजापूरवेस

एक विरोधी मत नोंदवतो. नकली असली तरी बिघडले काय? मामांच्या वस्तूंना शोभा यावी एवढाच हेतू आहे. देव्हाऱ्यातील तसबीर छापील असते म्हणून आपण नमस्कार थांबवत नाही.

हिशेबनीस

विजापूरवेस, तसबीर विकणारा ती छापील नाही असे सांगून १८,००० रुपये मागत नाही. शोभेची पाटी शोभेच्या किमतीत घ्यावी, माझा त्याला विरोध नाही. पण खऱ्या फितीशेजारी खोटी पाटी लावली की तीस वर्षांनी ती चौकट पाहणारा माणूस पाटीवरून फितीचाही संशय घेईल. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

दारूखाना-परत

मी मुंबईत रे रोडला नोकरीला असताना विक्रांत फोडली जात होती. क्रम असा: ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झाले, २०१४ च्या आरंभी सुमारे ६० कोटी रुपयांना लिलावात विकली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दारूखान्यात तोडकाम सुरू झाले. मोल असलेल्या बऱ्याच वस्तू नौदलाने आधीच काढून ठेवल्या होत्या. उरले ते मुख्यतः पोलाद, आणि ते टनावारी भट्टीत गेले. त्यातील काही पोलाद बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीच्या पेट्रोलटाकीसाठी वापरले गेले, हे सर्वांना आठवत असेल. म्हणजे सोलापुरात विक्रांतचा अंश आजही सात रस्त्याच्या सिग्नलला उभा असलेला दिसू शकतो.

तोडकामातून निघालेला माल मिळत नाही असे नाही. पण तो विकणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांकडे जहाजाचे नाव, लॉट क्रमांक आणि पावती असते, निदान खरेदीच्या वहीत नोंद असते. गुजरातेत जहाजे फोडतात त्या अलंगच्या रस्त्यावरील दुकानांतही हीच रीत आहे. आपली दुसरी जुनी विमानवाहू 'विराट' २०२० मध्ये तिकडेच गेली. शिवाय नुसत्या गोष्टीवर माल विकायचाच झाला तर प्रत्येक घड्याळ विक्रांतचे आणि प्रत्येक कंदील विराटचा, कारण मालवाहू जहाजाच्या कंदिलाला कोणी जास्त पैसे देत नाही.

सागरगोटा

माझ्या मेहुण्याकडे ती 'व्ही' मोटारसायकल आहे. आजपासून तिला सलाम करूनच मागे बसेन. मात्र चढावर तिची गती पाहता बॉयलरही विक्रांतचाच बसवला असावा.

माजी नौसैनिक

सागरगोटा, बॉयलरची थट्टा मी सहन करणार नाही. १९७१ मध्ये चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते आणि जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. विमानाला उड्डाणासाठी समोरून वारा लागतो, तो वारा जहाजाच्या वेगातून मिळतो, म्हणून अनेकांचे मत होते की या अवस्थेत तिला लढाईत नेऊ नये. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्या सीहॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तीन बॉयलरवर ते काम झाले. आपल्या मेहुण्यांची गाडीही चढ चढेल.

तिकीटवेडी

बाळीवेस, सगळे पाटीबद्दल बोलत आहेत, पण तुमच्या यादीत मला सर्वांत मोलाचे वाटले ते पाकीट. त्यावर पत्ता काय आहे, तिकिटे कोणती आहेत आणि शिक्का वाचता येतो का, हे कृपया सांगा.

बाळीवेस

पाकीट समोर ठेवून लिहितो. पत्ता इंग्रजीत, आजोबांच्या अक्षरात: मामांचे नाव, हुद्दा, क्रमांक, आय. एन. एस. विक्रांत, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे. डावीकडे खाली आजीने मराठीत 'जपून राहणे' असे लिहिले आहे, टपालखात्यासाठी की मामांसाठी ते कळत नाही. नेहमीच्या तिकिटाशेजारी कुटुंबनियोजनाचे पाच पैशांचे छोटे तिकीट आहे, त्यावर काळ्या अक्षरांत 'रेफ्युजी रिलीफ' आणि हिंदीत 'शरणार्थी सहायता' असे छापलेले आहे. शिक्क्यात 'शोलापूर' वाचता येते, तारखेचा भाग अस्पष्ट आहे.

तिकीटवेडी

मग तारीख अस्पष्ट असली तरी काळ सापडला. बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार लागू झाला, आणि नवी तिकिटे सर्वत्र पोचेपर्यंत घाईने कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच हा मजकूर छापून ती वापरली गेली. म्हणजे तुमच्या आजीचे पत्र नोव्हेंबरच्या मध्याआधीचे असू शकत नाही. ज्या निर्वासितांसाठी आजीने पाच पैसे जादा भरले, त्यांच्याच किनाऱ्यासमोर तुमचे मामा जहाजावर होते. पत्ता मुंबईचा आणि जहाज बंगालच्या उपसागरात, हेही बरोबर आहे; जहाज कुठे आहे ते घरच्यांना कळू नये म्हणून टपाल फ्लीट मेल ऑफिसातून पुढे जाई.

तिकिटे पाकिटावरून सोडवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा आणि चौकटीत लावायचेच असेल तर त्याची रंगीत प्रत लावा. सोलापूरच्या उन्हात शाई दोन उन्हाळ्यांत फिकट होते.

विक्रांतचे चित्र असलेले तिकीट जोडीला हवे असेल तर राष्ट्रपतींच्या नौदल पाहणीनिमित्त १९८४ मध्ये चार तिकिटांचा जोडसंच निघाला होता, त्यात ती आहे. तो फारसा महाग नाही.

निशाणी

मी झेंडे आणि पदके जमवतो. अशा बाजारात 'युद्धातील झेंडा' हमखास दाखवला जातो, म्हणून लिहून ठेवतो. १९५० ते २००१ या काळातील नौदलाच्या निशाणावर पांढऱ्या जमिनीवर लाल क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा होता. २००१ मध्ये क्रॉस काढून निळे नौदलचिन्ह आले. २००४ मध्ये क्रॉस परत आला आणि त्याच्या मध्यावर अशोकस्तंभ आला. २०१४ मध्ये त्याखाली 'सत्यमेव जयते' आले. २ सप्टेंबर २०२२ पासून क्रॉस कायमचा जाऊन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. म्हणजे १९७१ चा म्हणून दाखवलेल्या झेंड्याच्या मध्यावर अशोकस्तंभ असेल तर पुढे बोलण्याची गरज नाही.

त्याच दिवशी कोचीला नवी विक्रांत दाखल झाली. तिला जुन्या जहाजाचे नाव, 'जयेम सं युधि स्पृधः' हे ऋग्वेदातील ब्रीद आणि आर ११ हा क्रमांकही मिळाला. त्यामुळे २०२२ नंतर बनलेल्या आठवणवस्तूंवरही तोच क्रमांक असतो, आणि बाळीवेस यांनी पाहिलेल्या पाटीवर तो आहे. कोणी १९७१ हा आकडा मागाहून खोदला असेल तर आकड्याची खोली आणि वळण बाकीच्या अक्षरांशी जुळणार नाही. भिंग घेऊन जा.

पदकांचे विचारतो: तीनपैकी एक तारा आहे ना? पूर्वी स्टार की पश्चिमी स्टार?

बाळीवेस

पूर्वी स्टार. बरोबर संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक.

निशाणी

विक्रांत पूर्वेच्या आघाडीवर होती, तेव्हा पूर्वी स्टारच हवा. विक्रांतच्या खलाशाचा म्हणून पश्चिमी स्टारचा संच दाखवला गेला तर मी विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारतो. पदकांच्या कडेवर क्रमांक आणि नाव ठोकलेले असते, ते पाकिटावरील क्रमांकाशी ताडून पाहा. ते जुळले तर पदक आणि पाकीट एकमेकांचे साक्षीदार झाले. पदके उजळू नका. घासून घासून कडेवरचे नाव गेले की उरतो तो नुसता धातू.

कन्नाचौक

पदके विकत घेणाऱ्यांविषयी मला मनापासून अढी आहे. कोणाच्या तरी घरची अडचण म्हणूनच ती बाजारात येतात. निशाणी, राग मानू नका.

निशाणी

रागाचे कारण नाही, प्रश्न रास्त आहे. मी घेतलेल्या प्रत्येक संचाच्या कुटुंबाचा शोध घेतो आणि कोणाला परत हवा असेल तर घेतलेल्या किमतीला देतो. न घेतला तर तो सोनाराच्या मुशीत जातो, हेही मी पाहिलेले आहे. चांदीचे पदक असले तर जास्तच लवकर.

वकीलसाहेब

कायद्याचे थोडक्यात. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो, तेव्हा १९७१ ची पाटी त्यात बसत नाही. बिलाने घेतलेली भंगारातील वस्तू बाळगायला हरकत नाही. बिल मात्र घ्याच, कारण सरकारी मालमत्ता चोरीस गेलेली निघाली तर आपण ती कुठून आणली हे दाखवावे लागते. मामांची टोपी-फीत घरात ठेवणे वेगळे आणि ती घालून आपण नौसैनिक असल्याचे भासवणे वेगळे. दुसरी गोष्ट गुन्हा आहे.

ताम्रपट

त्या दुर्बिणीबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. केल्विन अँड ह्यूज ही कंपनी दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन १९४७ मध्ये उभी राहिली. तिने १९१७ ची दुर्बीण विकली असेल तर ती बारशाआधीच वरातीत बसली म्हणायची. असल्या दुर्बिणी, होकायंत्रे आणि सेक्स्टंट आपल्याच देशात शोभेचा माल म्हणून हजारोंनी बनतात. शोभेचा म्हणून विकला तर त्या कामात काही वाईट नाही, हातकाम चांगले असते. पण एकाच टेबलावर अशी दुर्बीण आणि 'कप्तानाच्या दाराची' पाटी असेल तर विक्रेत्याच्या इतर गोष्टींचेही वजन त्याप्रमाणे धरावे.

माजी नौसैनिक

फुलदाणीविषयी मात्र गंभीरपणे सांगतो. विक्रांतवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा होत्या आणि त्यांच्या रिकाम्या काडतुसांच्या फुलदाण्या खलाशी हौसेने करत. ती खरी असण्याचा संभव पाटीपेक्षा जास्त आहे. बुडावर वर्ष आणि लॉट क्रमांक ठोकलेला असतो. पण बुडाच्या मध्यभागी प्रायमरची गोल टोपी असते, तिच्यावर आघाताचा खड्डा आहे का ते फक्त डोळ्यांनी पाहा. खड्डा नसेल, किंवा पुढे गोळा बसवलेला असेल, तर हात न लावता पोलिसांना कळवा. तसेच महायुद्धकाळातील चमकत्या आकड्यांची घड्याळे किंवा मापके कोणी देऊ केली तर ती उघडू नका; त्या रंगात रेडियम असे. नळ्यांवरचे पांढरे कापडी वेष्टन ॲसबेस्टॉसचे असू शकते, तेही घरात नको.

बाळीवेस

काल बाजारात जाऊन आलो. पाटीची पाठ पाहिली: खरबरीत दाणा, रंगाचा मागमूस नाही, भोकांभोवती ठसा नाही. भिंगातून १९७१ चे आकडे वरच्या अक्षरांपेक्षा उथळ आणि बारीक दिसले. दारूखान्याची पावती मागितल्यावर विक्रेता म्हणाला, 'साहेब, युद्धात पावती कोण ठेवतो?' मी काही न बोलता पुढे निघालो तेव्हा किंमत १८,००० वरून ४,००० वर आली होती, आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत १,५०० झाली होती.

सागरगोटा

कन्ना चौकापर्यंत चालत गेला असतात तर पाटी आणि वर शेंगा चटणी मिळाली असती.

हिशेबनीस

१,५०० हा शोभेच्या पाटीचा भाव झाला, आणि तो विक्रेत्याने स्वतःच मान्य केला. आता घ्यायची तर घ्या, फक्त पाठीमागे 'बाजारातून घेतलेली, जहाजावरची नव्हे' अशी चिठ्ठी चिकटवा.

विजापूरवेस

हिशेबनीस यांच्या चिठ्ठीला माझी मान्यता. इतक्या चर्चेनंतर आम्ही दोघे एका वाक्यावर आलो याची नोंद व्हावी.

बाळीवेस

नाही घेतली. चौकटीत फीत, गटचित्र, पदके आणि पाकिटाची रंगीत प्रत एवढेच लावणार. पदकाच्या कडेवरील क्रमांक पाकिटावरील क्रमांकाशी जुळला. गटचित्राच्या मागे पेन्सिलीने आठ नावे आहेत, त्यांपैकी मामांचेच तेवढे मला ओळखता येते. मामांची नोकरीची नोंद मिळवायची असेल तर कुठे लिहावे?

माजी नौसैनिक

खलाशांचे अभिलेख मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. सेवाक्रमांक, नात्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करा. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाला मदत होते. पुढे कधी वस्तू घरात सांभाळणे जमले नाही तर गोव्याच्या नौदल विमानचालन संग्रहालयाला विचारा. विक्रांतवरून उडालेल्या प्रकारची सीहॉक आणि अलिझे विमाने तिथे आहेत. देताना पाकिटाची आणि पदकांची माहिती लेखी द्या, नाहीतर तिथेही त्या नुसत्या वस्तू होतील.

गटचित्राच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मला खाजगी संदेशातून पाठवा, इथे नावे टाकू नका. आमच्या माजी खलाशांच्या गटात १९७१ ची काही मंडळी अजून आहेत, त्यांना दाखवतो.

तिकीटवेडी

आणि ती फुलदाणी? बुडावरचे वर्ष पाहिलेत का?

बाळीवेस

प्रायमरवर खड्डा होता, वर्ष १९६८ होते. घेण्याचा विचार करून परत वळलो, तोवर ती एका आजींनी झेंडूची फुले ठेवायला तीनशे रुपयांत घेतली होती.